बुरूज उभा आहे तोवर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी रत्नाने लोखंडी कपाट आणखी वीतभर डावीकडे ओढलं. एकटीने. साठी उलटलेल्या बाईने असलं काम करू नये, पण मदतीला कुणाला हाक मारावी तर कपाटामागची भेग दिसणार, आणि भेग दिसली की प्रश्न सुरू होणार. होळीच्या सुमाराला त्या भेगेत जेमतेम करंगळी शिरायची. आता हात उभा धरला तर सरळ मनगटापर्यंत आत जात होता. तिने फरशीवर उमटलेला ओरखडा ओल्या फडक्याने पुसून पाहिला, तो काही गेला नाही, म्हणून त्यावर चटई टाकली आणि ती घागरीच्या पूजेला निघाली.

बुरुजाखालच्या या गोल खोलीत ती चाळीसेक वर्षं राहत होती. लग्न होऊन पहूरला गेली आणि वर्षाच्या आत परत आली. का आली ते तिने कुणालाच सांगितलं नाही, आणि मोतीलालने, तिच्या बापाने, विचारलंही नाही. त्याने फक्त दोन्ही मुलांना समोर उभं केलं आणि म्हटलं, "हाऊ बुरूज उभा शे तवलग रत्ना आठेच ऱ्हाई. कोनी काही बोलानं नही."

थोरल्या छगनने ते ऐकलं, धाकट्या नवलने ऐकलं, आणि दोघांनीही ते पाळलं. बाप जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याचा शब्द या घरात कुणी मोडला नव्हता. पण त्या शब्दात बुरूज पडल्यावर काय, हेही आपोआपच सांगून झालं होतं. होळीपासून रत्नाला तेवढंच ऐकू येत होतं.

भडगावच्या बाहेर गिरणेच्या काठी शहाणी माणसं कापूस लावतात, केळी लावतात. मोतीलालने तिथे समुद्र लावला. तरुणपणी तो दगडकामाच्या टोळीबरोबर सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर गेला होता. तिथे कुठल्याशा लहान संस्थानिकाने आपल्या राणीसाठी खडकावर महाल बांधलेला. राणी कोरड्या मुलखातली, तिला म्हणे झोपेतही लाटा ऐकायच्या होत्या. खारा वारा दगड खातो, म्हणून दरसाल झिजलेले चिरे काढून नवे बसवावे लागत, आणि त्या कामात मोतीलालची उमेदीची सगळी वर्षं गेली. परत आला तेव्हा त्या महालाचा कोपरान् कोपरा त्याला पाठ होता. पुढे धरणाच्या कालव्याची ठेकेदारी मिळाली, हातात पैसा खेळू लागला, आणि त्याची बायको तानुबाई एकदा सहज बोलून गेली की समुद्र कसा असतो ते काही आपल्याला या जन्मी दिसायचं नाही. दुसरा कुणी असता तर बायकोला चार दिवस मुंबई दाखवून आला असता.

मोतीलालने काळ्या दगडात महालच उभा केला. मावळतीला ओळीने कमानी. नदीत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या. गच्चीवरचं पाणी ओकणारी दगडी मगरींची तोंडं, वारा आत खेळावा म्हणून भिंतीत ठेवलेल्या तिरक्या फटी, आणि कोपऱ्यात दिव्याचा गोल बुरूज, जहाजांना खडक दिसावा म्हणून. गिरणेत जहाज कुठलं यायला? तरी तानुबाई मरेपर्यंत रोज संध्याकाळी वर चढून दिवा लावायची. समुद्राकाठचा महाल जमिनीकडे पाठ करून बसतो, म्हणून हाही बसला. रस्त्याच्या अंगाला नुसती सपाट भिंत आणि एक ठेंगणं दार. चहूबाजूंनी खंदक, त्यात बारमाही पाणी. लोक त्याला दर्यामहाल म्हणायला लागले, आधी थट्टेने आणि मग सवयीने.

हल्ली तर या महालाला सोन्याचे दिवस आले होते. लग्नाआधीचे फोटो काढायला जळगाव-धुळ्याची जोडपी इथे यायची. धरणाचं आवर्तन सुटलं की पाणी पायऱ्यांना लागायचं, आणि फोटोत कुणाच्या बापाला कळायचं नाही की ही गिरणा आहे. हा सगळा व्यवहार नवल बघायचा.

दोघे भाऊ गावातल्या आपापल्या घरी राहायचे, पण आखाजीला सगळं कुटुंब इथे जमायचं. घागर भरून झाली. मातीच्या घागरीवर खरबूज ठेवलं, मोतीलाल आणि तानुबाईच्या नावाने विस्तवावर नैवेद्याच्या घासाची आगारी टाकली, छगनने हात जोडले. मग नवलने खांद्यावर दोर टाकला आणि तो बुरुजाकडे निघाला. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींचा झोका या घरात बुरुजाच्या कमानीतल्या सागाच्या तुळईलाच बांधतात. ती तुळई मोतीलालने त्यासाठीच घातली होती.

"नाना, यंदा झोका तिथे नको," दीपमाला काकाला म्हणाली.

दीपमाला छगनची मुलगी. धुळ्याला असते. इमारती तपासून त्या राहण्याजोग्या आहेत की नाहीत ते सांगायचं तिचं काम. सणाला आलेल्या माणसाने आपलं काम घरी ठेवून यावं असं नवलचं मत होतं.

"का? तुझ्या इंजिनिअरिंगमध्ये आखाजी बसत नाही?"

"बुरूज कलला आहे. सकाळी मी गच्चीवरून ओळंबा सोडून पाहिला. तुम्ही पत्ते कुटत होतात तेव्हा."

छगनने चष्मा काढला. "काय बोली ऱ्हायनी व पोरी? आपला बुरूज?"

"हो आबा. नदीकडे झुकलाय. झोकाच काय, वर कुणाला चढूसुद्धा देऊ नका."

"काही कलेल नही," रत्ना म्हणाली. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. "चाळीस वरीस व्हई ग्यात माले तठे. माले समजस नही का?"

दीपमालाने वळून आत्याकडे पाहिलं. बारावीनंतर छगनने तिला इंजिनिअरिंगला घालायला साफ नकार दिला तेव्हा याच बाईने दोन दिवस अन्न सोडलं होतं. तिच्यामुळे आपण शिकलो, आणि त्या शिक्षणावर पहिला अविश्वास तिचाच? नानाकडून तिने हीच अपेक्षा ठेवली होती. फुई, ही आत्या, आपल्या बाजूने उभी राहील हे मात्र ती धरूनच चालली होती. तिला रडूच यायला लागलं, आणि रडू आलं की ती तडकते.

"खंदक कुणी बुजवला?" तिने विचारलं.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीत नवलने खंदकात मुरूम ओतला, वर सिमेंटच्या रंगीत फरश्या बसवल्या आणि गाड्या लावायला जागा केली.

"मी बुजवला," नवल म्हणाला. "डास व्हायचे. पोरी घागरे घालून यायच्या आणि चिखलात पाय द्यायच्या. मी काय चोरून केलं? भाऊंना विचारलं, अक्काला विचारलं."

"चोरून केलं असं कोण म्हणतंय? आपली जमीन काळी आहे, नाना. उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. सौराष्ट्राचा महाल खडकावर होता, त्याला काय फरक पडतो? इथे खडकच नाही. आजोबांना ते माहीत होतं. म्हणून त्यांनी भोवताली पाणी ठेवलं, पायाखालची माती बारा महिने ओली राहावी, वाळून आक्रसू नये म्हणून. आपण बसलो त्याला दर्या म्हणत. पहिल्याच उन्हाळ्यात माती सुकली, आणि बुरूज खाली बसायला लागला."

छगन कट्ट्यावर टेकला. त्याला बाप आठवला, पहिल्यांदा खंदकात पाणी सोडलं त्या दिवशीचा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला. "बाप तं मायले म्हने, तुन्हा दारशी दर्या आनी दिधा," तो हळूच बोलला. "आमले बी तेच सांगं. आमीन बी तेच धरी बठनूत."

बायकोच्या आनंदात मातीचं गणित कशाला कालवायचं, असं मोतीलालला वाटलं असेल. उन्हाळ्यात खंदक कोरडा पडू देऊ नका, एवढंच तो सांगत राहिला, आणि मुलांना वाटत राहिलं की म्हाताऱ्याचं वेड आहे. छगनला बापाचा राग आला, आणि सणाच्या दिवशी पितरांचा राग आला म्हणून स्वतःचीही लाज वाटली.

नवल दोर हातात घेऊन तसाच उभा होता. तो वाईट माणूस नव्हता. छगन शेतीत आणि रत्ना आपल्या गोल खोलीत असताना या महालाची गळती त्यानेच बंद केली होती, मगरींची फुटलेली तोंडं त्यानेच नवी घडवून घेतली होती. पण आता त्याच्या डोळ्यांपुढे आदल्या आठवड्यातलं जळगावचं जोडपं आलं. बुरुजावर चढून दोघं दिवा लावत होती, आणि खाली फोटोवाला ओरडत होता, अजून कडेला या, अजून थोडं. ती दोघं बुरुजासकट खाली आली असती तर? गावाने आपल्याला दारात उभं केलं असतं का?

"मग पाडू," तो म्हणाला.

इतक्या चटकन म्हणाला की सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"नवल," छगन म्हणाला, "बापना शब्द ध्यानमा शे ना?"

"आहे ना. पण कुणाचा जीव जाण्यापेक्षा... आणि अक्का काय उघड्यावर पडणार आहे? गावातल्या घरी माझी मागची खोली रिकामीच आहे. पंखा आहे, नळ आहे. इथे सापाविंचवात एकटी राहण्यापेक्षा बरं."

"ती मन्हाकडे ऱ्हाई," छगन म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात छगनची बायको सुगंधाबाई आंब्याचा रस काढत बसली होती. तिचे हात थांबले. थोड्या वेळाने तिने पुन्हा कोय पिळायला घेतली. बस एवढंच. पण रत्नाने ते पाहिलं. सुगंधाबाईबद्दल तिच्या मनात काही नव्हतं. गावातल्या तिच्या दोन खोल्यांत सून, नातू आणि वर नणंद. तिच्या जागी आपण असतो तर आपलेही हात थांबलेच असते, असंच तिला वाटलं.

दीपमाला मात्र चक्रावली होती. मघाशी ती एकटी पडली होती, आणि आता नाना तिच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. आजोबांच्या त्या शब्दाचा विचार तिने केलाच नव्हता. ओळंबा सोडताना तिला दगड दिसला, माती दिसली, आणि खालच्या खोलीत राहणारी फुई दिसलीच नाही.

"फुई, मी असं नव्हते म्हणत," ती पुढे झाली. "तुला घालवायचं कुणाच्या मनात..."

"कोनी काही पाडत नही," रत्नाने तिला तोडलं. "दोर आन इकडे, नवल. तू बांधस का मी बांधू?"

"अक्का, पोरगी सांगतेय ना."

"मघाशी तं तूच बांधाले निंघना व्हता."

तिने दोर त्याच्या हातातून ओढून घेतला. तुळईवर तो टाकायला तिला तीन वेळा फेकावा लागला आणि कुणी मदत केली नाही. छगनला उठून तिचा हात धरावासा वाटत होता. पण चाळीस वर्षांत बहिणीने या घरात स्वतःसाठी कसलाही हट्ट केलेला नव्हता, आणि पहिल्याच हट्टाला तिला अडवायचा धीर त्याला होईना. गाठ मारून झाली. तिने पाट ठेवला, त्यावर बसली आणि पायाने जमीन रेटली.

तुळई करकरली. जुनं सागवान दरसाल करकरतं, आजही करकरलं. दीपमालाने धावत येऊन दोर पकडला.

"उतर. फुई, तुझ्या पाया पडते, उतर!"

"सोड."

"तुला काही झालं तर मी जन्मभर काय करू?"

"काही व्हत नही. सोड म्हंतस ना!"

दीपमालाने दोर सोडला. झोका पुढे गेला, मागे आला. नवल दूर सरकला. सुगंधाबाई हातांना लागलेल्या रसासकट अंगणात येऊन उभी राहिली. कमानीच्या सावलीतून झोका उन्हात जायचा आणि पुन्हा सावलीत यायचा. पाच-सात झोके झाले. बुरूज होता तिथेच होता. रत्नाच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काहीतरी आलं, आणि नवलच्याही मनात आलं की उगाच घाबरलो.

तेवढ्यात जिन्यावरून प्राची उतरली. नवलची मुलगी, पारोळ्याला दिलेली, सहावा महिना. न्याहारी करून ती वर जरा आडवी झाली होती आणि खालचं हे रामायण तिच्या कानावर गेलंच नव्हतं. हिरवी साडी, हातात बांगड्या, डोळ्यांवर अजून झोप.

"वा फुई! एकटीच? मलाही घे. पोटुशीला आधी बसवतात झोक्यावर."

ती हसत कमानीकडे आली. नवलचं तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच रत्ना ओरडली.

"तू नको! मांगे सर! मांगे सर व पोरी, तठेच थांब!"

तिने दोन्ही टाचा जमिनीत रुतवून झोका थांबवला आणि पाटावरून जवळजवळ पडतच ती उठली. प्राचीचे खांदे धरून तिने तिला मागे रेटत नेलं, अंगण ओलांडून पार निंबाखाली. प्राची घाबरून रडायलाच लागली.

विचारायचं राहिलंच काय होतं? तरी छगन थोरला, त्याला विचारावंच लागलं.

"तिले काबर नको, रत्ना?"

रत्ना प्राचीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग दीपमालाकडे न बघता म्हणाली, "मन्ही खोलीमा जाय. कपाटना मांगे देख."

दीपमाला गेली. कपाट सरकवल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. ती परत आली. थेट फुईच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता. भेग वाढताना बघत ही बाई त्याच भिंतीला पाठ लावून रोज झोपत होती, आणि आपण ओळंब्याचा निकाल तोंडावर फेकला, याचं तिला फार वाईट वाटलं.

नवलने घाम पुसला. त्याच्या मुलीला अक्काने वाचवलं होतं, हे त्याला कळत होतं. त्याचं मन भरूनही आलं होतं. पण मन भरून आलं की तो लगेच व्यवस्थेला लागतो, तो त्याचा स्वभावच.

"म्हणजे आता ठरलं. अक्का, तू काळजी करू नको. खोली आजच झाडून घ्यायला सांगतो. सामान उद्या टेम्पोत..."

"कसानी खोली?"

"माझ्याकडची. मघाशी म्हटलं ना."

"मी तुन्हाकडे काबर येऊ?"

"अगं, बुरूज पाडायचा म्हटल्यावर... बापाचा शब्द होता तो..."

"बापना शब्द बुरूजवर व्हता. बुरूज पडी तं शब्द बी पडी. पडू दे." रत्ना उभी राहिली. "तीन लेकरं व्हतूत ना आपुन? मंग तीनमा एक हिस्सा मन्हा."

हे आपण बोललो याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. बापाने आसरा दिला होता, तोही चारचौघांत, मायेने. त्या मायेखाली ती इतकी वर्षं पाहुण्यासारखी वागली. आवाज चढवला नाही, अंगणातला निंबसुद्धा विचारल्याशिवाय झाडला नाही. या जागेवर बापाचा शब्द नसतानाही आपण असू शकतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आज सकाळी कपाट ओढतानाही आलं नव्हतं. तिला बापाची दया आली, स्वतःचीही आली, आणि त्याखाली चांगलाच संताप होता.

"चाळीस वर्षांत कधी बोलली नाहीस," नवल म्हणाला.

"आते बोली ऱ्हायनू."

"असं सणाच्या दिवशी? पोरीबाळींसमोर?"

"पोरीसले ऐकू दे," रत्ना म्हणाली. प्राची रडायची थांबली होती आणि बापाकडे एकटक बघत होती. ते बघणं नवलला काही आवडलं नाही.

त्याने नेहमीसारखं थोरल्या भावाकडे पाहिलं. घरात काही अडलं की शेवटचा शब्द छगनचा, आणि छगनचा शब्द आजवर सहसा नवलला सोयीचाच पडला होता. छगन बराच वेळ काठीने मातीवर रेघा ओढत बसला. जमीन त्यालाही प्यारी होती. तिसरा हिस्सा जाणार तो निम्मा त्याच्याही वाट्यातून जाणार होता. त्याने दारात उभ्या सुगंधाबाईकडे नजर टाकली. तिने पदराला हात पुसले आणि मान हलवली, नाही म्हणून नव्हे.

"कोनती बाजू लेशी?" छगनने बहिणीला विचारलं. "नदीकडली का रस्ताकडली?"

"भाऊ!" नवल म्हणाला.

"थांब तू. बोल रत्ना."

नवलने तेवढ्यात हिशेब सावरला. "नदीकडचीच घेईल ती. आईच्या पायऱ्या आहेत, कमानी आहेत, तिला सवय आहे. बुरूज गेला तरी तिकडे दोन खोल्या निघतील. रस्त्याकडे काय आहे? नुसत्या फरश्या. दिवसभर धूळ, हॉर्न, येणारी-जाणारी माणसं."

"रस्ताकडली," रत्ना म्हणाली.

"अक्का, तिथून पाणीसुद्धा दिसत नाही."

"पानी चाळीस वरीस भलतं देखं," ती म्हणाली. "आते मन्हा दारम्होरेथीन कोन येस, कोन जास, ते देखसू."

छगन काठी टेकून उठला. ठेंगण्या दारापलीकडे, बुजवलेल्या खंदकावर, नवलची पांढरी गाडी उन्हात तापत उभी होती.

"नवल," तो म्हणाला, "तुन्ही गाडी काढ तठून."